हरकत आणि आपत्ती

आमचा प्लॉट तीनशे गजांचा. दिल्लीत राहून माणूस वार विसरतो, गजच बोलतो. नोएडाच्याही पुढे, जिथं सेक्टरचे आकडे संपून गावांची नावं लागतात, तिथल्या एका मंजूर वसाहतीत कोपऱ्यापासून तिसरा. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी मिळून घेतलेला. एकटीच्या पगारात दोघींपैकी कुणालाच तो झेपला नसता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. आम्हाला शेजारी राहायचं होतं.

शेजार जुना होता. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी पहिल्या मजल्यावर आणि ती बरोबर माझ्या डोक्यावर. मी एका मंत्रालयात, ती दुसऱ्या. तिचा नवरा गेला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. संध्याकाळी मी त्याला पाळणाघरातून आणायची आणि आई येईपर्यंत तो माझ्याकडे असायचा, कारण माझं ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि तिचं कधीच वेळेवर सुटायचं नाही. ती घरी पोचली की लाटण्यानं वरून जमिनीवर दोनदा ठोकायची. म्हणजे चहा ठेवलाय, पोराला घेऊन वर ये. फोन आले, मोबाइल आले, तरी आमचं लाटणं काही सुटलं नाही.

मी लग्न केलं नाही. पूर्वी लोक कारण विचारायचे, आता विचारत नाहीत.

मी सोलापूरची. वडील मिलमध्ये होते, आई विड्या वळायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. ज्यांच्या घरात आजोबाही बी. ए. होते, त्यांना यात सांगण्यासारखं काय आहे ते कळत नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून आमच्या बोळातले सगळे कागद माझ्याकडे यायचे. नगरपालिकेची नोटीस, मिलचं पत्र, रेशनकार्डावरची दुरुस्ती. वडील ओट्यावर बसून सांगायचे, "आमची पोरगी वाचती, आणा हिकडं." पुढे परीक्षा देऊन मी दिल्लीला आले, कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. माझ्या हाताखालून गेलेल्या फायलीत कधी कुणाला स्वल्पविराम हलवावा लागला नाही. अर्थात ते सगळं इंग्रजीत. हिंदी बोलायची मला सवय झाली, लिहायची वेळ आली नाही. सप्टेंबरात ऑफिसात हिंदी पखवाडा साजरा व्हायचा, तेव्हा मी निबंधस्पर्धेच्या दिवशी रजा टाकायची.

प्लॉट घेतला त्या रात्री आम्ही एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर घर काढलं होतं. दोन घरं, पुढे दोघींचा मिळून एकच लांब ओटा आणि मागे दोन स्वयंपाकघरांच्या मधे एक दार. ती म्हणाली, "दाराला कडी कुणाच्या बाजूला?" मी म्हटलं, "कडीच नको." घर बांधायचं मात्र राहत गेलं. मुलाचं इंजिनीअरिंग झालं, त्याचं लग्न झालं, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले तेव्हा आम्ही नोएडात एकाच सोसायटीत, वेगवेगळ्या इमारतींत, भाड्यानं राहायला लागलो. तात्पुरतं म्हणून.

कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे. तिथल्या कॅन्टीनमध्ये महिन्यातून एकदा जायचं, थालीपीठ खायचं आणि मराठीत भांडणारी माणसं ऐकायची, हा आमचा जुना शिरस्ता. तिथंच तिनं मला सांगितलं.

"त्याची बदली झालीये. पुण्याला. कायमची."

"बरं झालं की. हवा चांगली तिथली."

"सूनबाईला दिवस आहेत. मला चल म्हणतायत."

"मग जाऊन ये."

ती थालीपिठाच्या भोकातलं लोणी बोटानं पसरत बसली. "जाऊन यायचं नाहीये गं. जायचंय."

मी पाणी प्यायले. ती म्हणाली, "माझा अर्धा प्लॉट विकावा म्हणतोय तो. तिकडं फ्लॅट घेतोय मोठा. तुझं काय म्हणणं?"

"हरकत नाही," मी म्हटलं. आपण म्हणतो ना, कुणी पंखा बंद करू का विचारलं तरी म्हणतो. तसंच म्हटलं मी.

पण अर्धा प्लॉट असा विकता येत नाही. कागदावर तो एकच होता, त्याला नंबर एकच होता आणि मालक दोघी मिळून होतो. घेणाऱ्याला त्याचा वेगळा नंबर हवा, वेगळी हद्द हवी. त्यासाठी तिथल्या प्राधिकरणाकडून उप-विभाजन मंजूर करून घ्यावं लागतं. पोर्टलवर अर्ज भरायचा, नकाशा जोडायचा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर पंधरवडाभर थांबायचं. शिवाय सहमालकानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की आपला विरोध नाही. सहमालक मी. म्हणजे मी ते एक वाक्य लिहिलं तर ती जाणार आणि नाही लिहिलं तर सगळं जिथल्या तिथं थांबणार. फायलींत आयुष्य गेलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अर्ज द्यायला आम्ही दोघी गेलो. फाटकाबाहेर टाइपवाल्यांची रांग होती. आता टाइपरायटर गेले, लॅपटॉप आले, पण स्टुलं तीच. एक जण हाक मारत होता, "शपथपत्र, अनापत्ति, सब बना-बनाया है, मैडम, बस नाम डालना है."

मैत्रीण म्हणाली, "बघ, त्याच्याकडं मजकूर तयार आहे. त्याच्यावरून उतरवून काढ."

"मी कशाला उतरवू? मला लिहिता येतं."

"येतं गं बाई. सगळ्या दिल्लीला ठाऊक आहे तू ग्रॅज्युएट आहेस."

मी पायऱ्यांवर बसले, पर्स मांडीवर ठेवली, तिच्यावर कागद ठेवला आणि एका दमात लिहिलं. 'मैं, सह-स्वामिनी, यह लिखकर देती हूँ कि इस भूखंड के उप-विभाजन में मेरी हरकत नहीं है.' सही केली. अक्षर चांगलं आलं होतं. तिनं तो कागद वाचला, घडी न घालता फोल्डरमध्ये ठेवला आणि म्हणाली, "झालं." तिलाही काही खटकलं नाही. आम्ही दोघी मराठीच वाचत होतो.

तीन आठवड्यांनी पोर्टलवर शेरा आला. मुलानं तो आईच्या लॉगिननं पाहिला आणि पुण्याहून मला फोन केला. दिल्लीत वाढलेला पोरगा, त्याचं मराठी तसंच.

"मावशी, टेन्शन नको घेऊस, पण फाइल अटकली आहे."

"का? जाहीर सूचनेवर कुणी काही म्हटलं?"

"नाही यार, तुझ्याच लेटरवर. त्यांनी लिहिलंय, सह-स्वामिनी उप-विभाजन से अपना संबंध नकार रही हैं, सुनवाई हेतु बुलाया जाए." मग तो म्हणाला, "मावशी, तू 'हरकत' का लिहिलंस? हरकत म्हणजे तर मस्ती ना? पोरांची हरकत, तसं?"

मी फोन कानाला धरून उभी राहिले. माझं वाक्य मी पहिल्यांदा हिंदीत वाचलं. इस उप-विभाजन में मेरी हरकत नहीं है. हे जे वाटे पाडण्याचं चाललंय ते कृत्य माझं नाही. बाबूनं वाचलं ते बरोबरच वाचलं होतं. एवढ्या वर्षांत मी लिहिलेल्या कागदाचा असा उलटा अर्थ कुणी काढला नव्हता. आणि खरं सांगायचं तर इतका खरा अर्थही कुणी काढला नव्हता.

मी मोठ्यानं हसले. मुलगाही हसला. "मावशी, तू पण ना!"

त्याची आई हसली नाही. ती संध्याकाळी माझ्याकडे आली. चप्पल काढली नाही, दारातच उभी राहिली.

"मुद्दाम लिहिलंस."

"वेडी आहेस का? तूही वाचलंस ना? तुला तरी कळलं?"

"माझं सोड. मी आयुष्यभर डाक चढवली रजिस्टरात. तू सेक्शन ऑफिसरीणबाई. दुसऱ्याच्या नोटिंगमधल्या चुकांवर लाल पेन फिरवणारी. तू अशी चूक करतेस?"

"हिंदीत होते चूक. आपल्याकडे काय म्हणतात? ना हरकत प्रमाणपत्र. तेच डोक्यात होतं."

"तो टाइपवाला ओरडून सांगत होता, अनापत्ति, अनापत्ति. तुझ्या कानात नाही शिरलं?"

"नाही शिरलं."

"कसं शिरेल. तुला कुणी मजकूर दिलेला चालत नाही. तुला वाटतं तुझ्याशिवाय कुणाला अक्षर ओळखता येत नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिकडं सून सातव्या महिन्यात आहे. तुला नाही कळायचं ते. तुला कोण आहे?"

ती निघून गेली. लिफ्ट बंद होती, जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी दार लावून घेतलं.

मुद्दाम लिहिलं का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. प्रामाणिकपणे सांगते, मला ठाऊक नाही. लिहिताना मनात दुसरा शब्दच आला नव्हता. पण आला नव्हता तो का, हे कसं सांगणार? टाइपवाल्याचा आवाज मी ऐकला असणार. पायऱ्यांपासून तो दहा पावलांवर होता.

सुनावणीची तारीख महिन्याभरानंतरची होती. तोपर्यंत तिला जाता येत नव्हतं. तिच्या घरी खोके भरून भिंतीला लावलेले होते. त्यातले दोन उघडून तिनं कढई आणि पोळपाट पुन्हा बाहेर काढले, हे मला कामवालीकडून कळलं. आमचं दोघींचं काम एकच बाई करायची. ती म्हणाली, "आंटी, उधर वाली आंटी पूछ रही थीं, घुटना कैसा है." मी म्हटलं, "बोलना, ठीक है." असं आमचं बोलणं चालायचं. सोसायटीच्या बागेत मी सकाळी चालायला जायची, ती संध्याकाळी जायला लागली. पूर्वी आम्ही बरोबर जायचो. तरीसुद्धा ती समोरच्या इमारतीत आहे, तिच्या खिडकीत दिवा आहे, हे दिसत होतं. मला त्या महिन्यात बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

त्याच दिवसांत मी प्राधिकरणाचे नियम काढून वाचले. सहमालकानं लेखी विरोध केला तर उप-विभाजन पुढे सरकत नाही, दोघांनी आधी दिवाणी कोर्टातून निवाडा आणायचा. आणि कोर्टातून निवाडा म्हणजे आमच्या वयाच्या बायकांना काय, ते सांगायला नको. मी एक दुपार बसून विरोधाचा अर्ज लिहिला. इंग्रजीत. सव्वा पान. प्लॉट कशासाठी घेतला, कोणत्या विश्वासानं संयुक्त नावावर ठेवला, वाटे पडले तर दोन्ही भागांची उपयुक्तता कशी कमी होते, मुद्देसूद. माझ्या सबंध नोकरीत मी इतकं चांगलं ड्राफ्टिंग केलं नव्हतं. एका ठिकाणी 'companionship' असा शब्द पडला होता. तो मी खोडला, मग पुन्हा लिहिला. अर्ज फोल्डरमध्ये ठेवला.

सुनावणीच्या दिवशी ती खाली रिक्षापाशी उभी होती. "एकाच ठिकाणी जायचंय तर दोन रिक्षा कशाला," एवढंच म्हणाली. गोलचक्करापाशी रिक्षा उसळली तेव्हा तिनं सवयीनं माझ्या गुडघ्यापुढे हात धरला आणि मग काढून घेतला.

सुनावणी घेणारा अधिकारी तरुण होता, पस्तिशीचाही नसेल. टेबलावर आमची फाइल, तिच्यावर माझा कागद टाचणीनं लावलेला. बाजूला तो बाबू, ज्यानं शेरा लिहिला होता. जाड भिंगांचा चष्मा, निवृत्तीला आलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं ते थोडं गमतीनं.

"माताजी, बैठिए," अधिकारी म्हणाला.

"मैडम कहिए," मी म्हटलं. "माताजी मैं किसी की नहीं."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं.

"जी, मैडम. आपने लिखा है इसमें आपकी हरकत नहीं. फिर किसकी हरकत है?"

बाबू खुदकन हसला. मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे या शब्दाचा अर्थ असा, दिल्लीत असा. अधिकाऱ्याला मौज वाटली. "अच्छा! तो आपके यहाँ हरकत होना बुरी बात नहीं?"

"कभी-कभी ज़रूरी होती है," मी म्हटलं.

"बिल्कुल," तो म्हणाला. मग त्यानं फाइल सरळ केली, चेहरा सरळ केला. "रिकॉर्ड के लिए पूछ रहा हूँ. क्या आपको कोई आपत्ति है?"

आता हा शब्द. त्यांच्याकडे आपत्ति म्हणजे विरोध. आपल्याकडे आपत्ती म्हणजे पूर येतो ती, घर जळतं ती. मला ठाऊक होतं तो काय विचारतोय. महिनाभर तेच घोकत होते मी. पण कानावर पडला तो सोलापुरातला शब्द. साध्या सभ्य आवाजात एक अनोळखी मुलगा मला विचारत होता, तुमच्यावर काही आपत्ती आली आहे का? दिल्लीत इतकी वर्षं झाली, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

फोल्डर माझ्या मांडीवर होतं. मैत्रीण समोरच्या खिडकीकडे पाहत होती. तिच्या हातात रुमालाची गुंडाळी झाली होती.

"मैडम?"

"नहीं," मी म्हटलं. "कोई आपत्ति नहीं."

"आपकी मर्ज़ी से हो रहा है?"

"हाँ. मेरी मर्ज़ी से."

बाबूनं कोरा कागद पुढे केला आणि मजकूर सांगायला लागला. मी लिहीत गेले, शाळेत शुद्धलेखन घालतात तशी. 'मुझे कोई आपत्ती नहीं है.' तो वाकून पाहत होता. म्हणाला, "छोटी इ, मैडम. आपत्ति में छोटी इ आती है." मी दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केली. त्यानं खोडलेल्या जागी बाजूला सही मागितली. ती दिली.

परत येताना आम्ही मेट्रोनं आलो. दुपारची वेळ, डबा रिकामा होता. ती म्हणाली, "तुला एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"आता काय चिडायचं."

"मला वाटलं होतं तू आत गेल्यावर नाही म्हणशील."

"तसं कसं म्हणेन?"

"नाही, वाटलं होतं." ती रुमाल उलगडत होती. "तू अडवलं असतंस ना, तर मला त्याला सांगायला बरं पडलं असतं. की बाबा, मावशी ऐकत नाहीये, फाइल अडकलीये, तुम्ही व्हा पुढं. मी काय, येते-जाते."

"मग तूच सांग ना तसं."

"माझ्याच्यानं नाही सांगवत. एकुलता एक आहे. त्याला वाटेल आईला नकोय यायला."

"आणि हवंय?"

समोर एक मुलगी कानात ते गाण्याचं घालून डोळे मिटून बसली होती. तिच्याकडे पाहत ती म्हणाली, "सून चांगली आहे तशी."

मला फोल्डर उघडता आलं असतं. सव्वा पान होतं त्यात. ऑर्डर निघायला अजून दोन-तीन दिवस होते, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तो अर्ज आवक खिडकीवर देता आला असता, पोच घेता आली असती. मी मनातल्या मनात सगळा क्रम लावला. पण ती मला अडव म्हणत नव्हती. अडवलं असतंस तर, एवढंच म्हणत होती. आणि मी काही तिच्या मुलापुढे धरायची ढाल नव्हते. तिनं एकदा स्पष्ट म्हणायला हवं होतं की मला जायचं नाहीये. आणि मीही एकदा म्हणायला हवं होतं, जाऊ नकोस. दोघी आपापल्या जागी बसून राहिलो. आमचं स्टेशन आलं. ती आधी उठली आणि दारापाशी जाऊन माझ्यासाठी दांडा मोकळा ठेवला, गुडघ्यामुळे.

ऑर्डर चौथ्या दिवशी पोर्टलवर आली. पुढच्याच आठवड्यात ती गेली. सामान ट्रकनं गेलं, ती विमानानं. मुलगा न्यायला आला होता, त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, तू पण चल ना यार पुण्याला." मी म्हटलं, "येईन." ती माझ्यासाठी डब्यात मेतकूट ठेवून गेली. जागेवर जाऊन हद्द आखून घ्यायचं राहिलं होतं, तेवढ्यासाठी तिनं मला अधिकारपत्र करून दिलं. या वेळी मजकूर टाइपवाल्याचा होता.

हद्द आखायला प्राधिकरणाचा जेई आला, म्हणजे ज्युनिअर इंजिनीअर. बरोबर फीत धरणारा एक माणूस. मी सकाळी दहापासून जाऊन थांबले होते. आजूबाजूच्या प्लॉटवर घरं झाली होती, आमच्यावर नुसतं गवत. फीत धरणाऱ्यानं पुढच्या रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत मधोमध दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या आणि दोरीच्या कडेनं चुना टाकत गेला. परिपत्रकाच्या पाठीवर आम्ही जिथं ओटा काढला होता तिथून ती पांढरी रेघ सुरू झाली. काम अर्ध्या तासाचंही नव्हतं.

जेईनं कागद काढले. "दोनों पार्टी हाज़िर हैं?"

मी अधिकारपत्र दिलं. त्यानं वाचलं. "मतलब आप ही दोनों?"

"हाँ. मैं ही दोनों."

"ठीक है जी. फ़ोटो लगती है आजकल. मालिक अपने-अपने हिस्से में खड़ा हो, लोकेशन के साथ. पहले आप अपने में खड़ी हो जाइए."

मी माझ्या दीडशे गजांत उभी राहिले. त्यानं मोबाइल उभा धरून फोटो काढला, मग सही घेतली. "अब उधर."

मी साडी उचलून धरली आणि चुन्याची रेघ ओलांडली. पलीकडे गवत जरा उंच होतं. फीत धरणारा म्हणाला, "आंटी जी, थोड़ा बीच में." मी मधे गेले. तिच्या वतीनं म्हणून सही केली, खाली माझं नाव लिहिलं.

"मैडम, इधर देखिए, कैमरे में," जेई म्हणाला.

मी रेघेपलीकडे माझ्या भागाकडे बघत होते. ती राहिली असती, घरं झाली असती, तर रोज सकाळी दार उघडून तिला माझं घर इथून दिसलं असतं. तिथं कुणी नव्हतं.